बोंड्याचा सातबारा

बोंड्या चावला, तेव्हा किसनरावांना दुखण्याच्या आधी राग आला.

"अबे!" म्हणत त्यांनी हात झटकला. डाव्या हाताच्या बोटातून रक्त फरशीवर पडलं. ससा खाटेच्या पायाशी सरकला आणि मागचा पाय त्याने धाडकन आपटला. थांबून पुन्हा आपटला. नऊ वर्षांत तो कुणाला चावला नव्हता. शेजारच्या पोरांनी कान ओढले होते, लेकीच्या, वर्षालीच्या मुलाने तर पाठीवर बसून पाहिलं होतं, तरी नाही.

काम रोजचंच होतं. दुकानाला निघायच्या आधी मेथीच्या काड्या टाकायच्या, पाण्याची वाटी भरायची, सशाला उचलून अंगणात सोडायचं. गेले दहा महिने किसनराव ते काम करून टाकत असत. त्याआधी ते त्यांच्या बायकोचं, गंगूबाईचं होतं, आणि ती ते करून टाकत नसे, करत असे.

बोटाला हळद लावून त्यांनी चिंधी बांधली. मग उकिडवं बसून मेथीची एक काडी फरशीवरून पुढे सरकवली. काडी सशाच्या तोंडापासून वीतभर लांब होती. त्याचं नाक भराभर हलत होतं, पण मान दुसरीकडेच वळलेली होती. किसनरावांनी काडी उचलून त्याच्या डोळ्यांपुढून इकडून तिकडे फिरवली. डोळे हलले नाहीत. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्या डोळ्यांत नीट पाहिलं. लाल मण्यांच्या आत ताक सांडावं तसं पांढुरकं काही पसरलं होतं.

राजापेठेत त्यांचं फुलांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी चौथरा, वर पत्रा, आणि ओल्या पोत्याखाली झाकलेली शेवंती, झेंडू, निशिगंध. मागच्या इमारतीत शिकवणीचे वर्ग होते. तास सुटला की पोरंपोरी दुचाक्या काढत आणि रस्ता काही काळ त्यांचाच होऊन जाई. शेजारी ओमप्रकाशचं नारळ-अगरबत्तीचं दुकान. दोघांचं पंचवीस वर्षांचं शेजारपण, त्यातलं बोलणं बहुतेक सगळं ओमप्रकाशने केलेलं.

"काय झालं किसनभाऊ बोटाले? सुई गेली?"

"ससा चावला."

"ससा?" ओमप्रकाश मोठ्याने हसला. "वाघ चावला म्हना, कोनी तरी मानन."

"आंधया झाला तो."

"कोन?"

"ससा."

ओमप्रकाशचं हसू थांबलं. नारळाची शेंडी सोलता सोलता तो म्हणाला, "मंग त्याचं काय चुकलं? मले अंधारात कोनी न बोलता हात लावला, त मीबी चावीन. दवाखान्यात न्या त्याले."

"सशाचा कोठी दवाखाना असते?"

"ढोराच्या दवाखान्यात न्या. ससा काय मानूस हाये का?"

तेवढ्यात एक म्हातारी बाई फोटोला हार घ्यायला आली. हार तयार नव्हता, ओवायला वेळ लागणार होता. उन्हातून आलेली बाई चौथऱ्याच्या कडेला टेकली. ओमप्रकाश म्हणाला, "भाऊ, फळी टोचन त्याहिले. द्या ना ते बस्कर."

किसनरावांनी वर्तमानपत्राची घडी करून बाईच्या हाती दिली.

बस्कर चौथऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीत होतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे एकावर एक ठेवून गंगूबाईने ते शिवलं होतं आणि त्यावर बसून तिने या दुकानात आयुष्य काढलं होतं. ती गेली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात किसनरावांनी ते घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि पेटीत ठेवलं. गिऱ्हाईक नसलं की कधीकधी ते पेटी उघडत, पिशवीची गाठ सोडत, थोडा वेळ तसेच वाकून राहत आणि पुन्हा गाठ मारत. ओमप्रकाशला हे दिसत होतं. एवढी एकच गोष्ट होती, जिच्याबद्दल ओमप्रकाश काही बोलत नसे. आज चुकून बोलून गेला होता.

जनावरांच्या दवाखान्यात शेळ्यांची रांग होती. किसनराव फुलांच्या टोपलीत ससा घेऊन बसले. शेजारी एक धोतरवाला माणूस शेळीचं दावं पायाखाली दाबून बसला होता. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं.

"याले काय झालं?"

"दिसत नाई."

"अरे बाप्पा!" तो माणूस सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा म्हणाला. "माया मायचा मोतीबिंदू दोन वर्सापासून पिकून राहिला, तिले नेलं नाई कोनी. नि हे सशाले घेऊन आले! भाऊ, याचा रस्सा कराचा असते."

रांग हसली. किसनराव टोपलीकडे बघत राहिले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सशाला टेबलावर घेतलं, बॅटरीने डोळे पाहिले, दात पाहिले, पोट चाचपलं.

"मोतीबिंदूच आहे काका. दोन्ही डोळ्यांत. वय झालंय याचं."

"ऑपरेशन?"

"या वयात भूल सोसणार नाही. पण ससे शिकतात. घरातलं सामान हलवू नका. जिथे वाटी असेल तिथेच ठेवा. वास, आवाज आणि पायाखाली काय लागतं, यावर तो चालेल. गुळगुळीत फरशी असेल तर काहीतरी खरखरीत अंथरा. आणि हात लावायच्या आधी बोलत जा. एकदम उचललं की त्याला वाटतं घारीनेच धरलं."

"काय बोलू?"

"काहीही. 'आलो' म्हटलं तरी पुरे." टोपलीचं झाकण लावता लावता त्या थांबल्या. "आणखी एक. ससा उपाशी राहिला की त्याचं पोट बंद पडतं. त्याने दिवसभर तोंड लावलं नाही तर समजा, जीव धोक्यात आहे. तशी वेळ येऊ देऊ नका."

'आलो' म्हटलं तरी पुरे. किसनराव टोपली घेऊन पायीच घरी निघाले.

हेच गंगूबाई सांगत आली होती. किसनराव रबरी चप्पल घालत, हळू चालत, आणि दार ढकलून कधी आत येऊन उभे राहत ते तिला कळत नसे. चुलीशी, पुढे गॅसशी, ती दचकायची. "मांजरावानी येता तुमी," ती म्हणायची. "आलो म्हनून सांगत जा ना. तोंडाले काय कुलूप हाये?" किसनराव हातपाय धुवायला जात. स्वतःच्याच घरात येताना काय सांगायचं, असं त्यांना वाटे. ते भांडत नसत, पीत नसत, भाजी आणून देत, हार ओवत. बोलणं हे त्यांना गिऱ्हाईक आल्यावर करायचं काम वाटे.

ससा वर्षालीने आणला होता, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना, कुठल्याशा मैत्रिणीकडून. कापसाच्या बोंडाएवढा होता म्हणून बोंड्या. दीड वर्षाने वर्षाली लग्न होऊन धामणगाव रेल्वेला गेली आणि बोंड्या आईकडे राहिला. गंगूबाई त्याच्याशी दिवसभर बोलायची. तो खाटेच्या पायाला, पाण्याच्या पितळी गुंडाला, दाराच्या चौकटीला हनुवटी घासत फिरायचा. सशाची ती रीतच, जे आपलं त्याला हनुवटी लावायची.

"पाहा, सातबारा लावून राहिला," गंगूबाई म्हणायची. "या घरात मायं नाव कोठी नाई, नि याचं पाहा, सगळीकडं लागलं."

किसनराव हसले नव्हते. त्यांच्या पायाशी येऊन बोंड्या नाक हलवायचा आणि वळून जायचा. त्यावरही तिच्याकडे उत्तर होतं. "तुमाले नाई लावत तो. तुमी म्हंजे वादातली जमीन."

शेवटच्या आजारात, शुद्धीत होती तेव्हा, तिने त्यांच्याकडे एकच मागितलं होतं. "बोंड्याले कोनाले देऊ नका." किसनरावांनी मान हलवली होती. पण तेव्हा तिची नजर खिडकीकडे होती. तिने ती मान पाहिली की नाही, हे त्यांना आजवर कळलेलं नव्हतं.

दवाखान्यातून आले त्या संध्याकाळी दारात उभं राहून त्यांनी आधी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग म्हणाले, "आलो."

आवाज गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा निघाला. टोपलीतला ससा हलला.

सुरुवातीला त्यांनी आपल्या धंद्यातली युक्ती केली. वाटीजवळ मरव्याची जुडी ठेवली, तो मुतायला जाई त्या मातीच्या पाटीजवळ तुळशीचा डगळा, अंगणाच्या उंबऱ्यापाशी झेंडूची दोन फुलं. जणू वासाच्या पाट्या, त्यांवरून तो जागा ओळखेल, असा हिशेब. संध्याकाळी येऊन बघतात तर बोंड्याने मरवा खाल्ला होता, तुळस खाल्ली होती, आणि झेंडूचं अर्धं फूल तोंडात धरून तो घराच्या मधोमध बसला होता.

"अबे, पाट्याच खाल्ल्या तुनं!" किसनराव म्हणाले आणि हसले. बऱ्याच महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं. ससा कान उभे करून ऐकत राहिला.

मग पोती. फुलं ज्या पोत्यांत येत, तीच त्यांनी धुऊन वाळवली, हातभर रुंद पट्ट्या कापल्या आणि दाभणाने कडा शिवल्या. एक पट्टी खाटेखालून वाटीपर्यंत, एक पाटीपर्यंत, एक उंबऱ्यापर्यंत. सगळ्या पट्ट्या सुरू होत खाटेखालच्या गोधडीपासून. ती गोधडीही गंगूबाईच्याच लुगड्यांची. ती गेल्यापासून बोंड्या तिच्यावरच झोपत होता.

पहिले काही दिवस वाईट गेले. बोंड्या पट्टीवरून उतरायचा, शहाबादी फरशीवर त्याचे पाय चारी दिशांना पसरायचे, आणि तो तिथेच अंग चोरून बसून राहायचा. गुंडाला धडकायचा. किसनराव वाटीवर चमचा वाजवत आणि म्हणत, "अथी ये. अथी पानी हाये." त्याला उचलून जागेवर नेऊन ठेवायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. उचलून नेलेली वाट कुणाला आठवत नाही. हळूहळू बोंड्याला कळलं की खरखरीत आहे तिथवर घर आपलं आहे. मग एके सकाळी तो गोधडीवरून निघून, न थांबता, उंबऱ्यापर्यंत आला आणि उन्हात लांब होऊन पडला. किसनराव दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बघत राहिले.

आता त्यांना बोलावं लागे. "आलो." "पानी बदलून राहिलो." "उठलो मी, तुही झोप चालू दे." बोलायची सवय लागली तसं ते सांगू लागले की आज निशिगंध महाग झाला, ओमप्रकाशच्या जावयाने गाडी घेतली, बडनेऱ्याच्या लग्नाची ऑर्डर आली. एकदा बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की यातलं काहीच त्यांनी कधी गंगूबाईला सांगितलं नव्हतं. ते मधेच गप्प झाले. ससा आवाजाची वाट पाहत थांबला, तेव्हा त्यांना पुढे बोलावं लागलं.

वर्षाली रविवारी फोन करी. "बोंड्या कसा हाये?" हा तिचा दुसरा प्रश्न असे.

"बरा हाये."

त्यापुढे ते काही सांगत नसत. लेकीच्या मागे सासू, मूल, घर, तिला कशाला. आणि सांगायचं तर कुठून सुरू करायचं, हेही होतंच.

वर्षश्राद्धाला ती दोन दिवस आधी आली. मुलाला सासूजवळ ठेवून आली होती. बाप दुकानात गेला होता. लग्नसराईचे दिवस, हारांची गर्दी. तिने पदर खोचला. आईचं वर्षश्राद्ध, उद्या-परवा चार माणसं पंगतीला बसणार, आणि घराची ही अवस्था. कुठल्याही मुलीने केलं असतं तेच तिने केलं. खाट भिंतीला उभी करून ठेवली. फरशीवर फिनेल टाकून घासली. अंगण सारवलं. खाटेखालची गोधडी भिजवून, आपटून, तारेवर टाकली. फरशीभर पसरलेले पोत्याचे मळके तुकडे गोळा करून घंटागाडीत दिले.

संध्याकाळी किसनराव दारात आले. "आलो," म्हणाले.

"कोनाले सांगता, बाबा?" वर्षाली आतून हसत बाहेर आली. बापाच्या तोंडून असा शब्द तिने कधी ऐकला नव्हता.

किसनराव फरशीकडे बघत होते. ती आरशासारखी चकाकत होती.

"पट्ट्या?"

"कोनत्या पट्ट्या?"

"पोत्याच्या."

"ते चिरगुट? टाकले ना घंटागाडीत. केवढी घान, बाबा, तुमी राहता कसे याच्यात?"

"बोंड्या?"

"तो काय, त्या कोपऱ्यात. सकायपासून हालला नाई. मी एवढी आवाज देऊन राहिली, त माह्याकडं पायतबी नाई. इसरला मले मेला."

"पायन कसा," किसनराव म्हणाले. "दिसत नाई त्याले."

वर्षाली कोपऱ्याकडे गेली. बोंड्या दोन भिंतींच्या बेचक्यात अंग चेपून बसला होता. तिने चेहऱ्यापुढे हात हलवला. मग हात तसाच राहिला.

"कदीपासून?"

"दिवाईच्या आधीपासून."

"नि मले फोनवर दर खेपी 'बरा हाये'?"

"बराच होता."

"आईबी बरीच होती!" वर्षाली एकदम म्हणाली. "आईले भरती केलं, त मले तिसऱ्या दिवशी सांगतलं तुमी. 'बरी हाये' म्हने. मी आली तवा तिले बोलता येत नोतं. बाबा, सांगाले काय जाते तुमचं? काहून नाई सांगत तुमी काई?"

किसनरावांनी चप्पल काढली. हार ओवून काळी पडलेली बोटं ते एकमेकांवर घासत राहिले. वर्षाली डोळे पुसून उठली आणि तिने न सांगता खाट जागेवर आणायला बापाबरोबर हात लावला.

गोधडी अजून ओली होती. वाळल्यावर ती खाटेखाली घातली, पण तिला आता धुण्याच्या पावडरीचा वास होता. बोंड्याने एकदा तिच्यावर नाक टेकवलं आणि मान वळवली. किसनरावांनी नवी पोती आणून टाकली. तीही त्याला परकी. मेथी त्याच्या तोंडाशी धरली, कोथिंबीर धरली, गाजर किसून धरलं. नाक हललं, तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्षालीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "चमच्याने पाणी पाजा," त्या म्हणाल्या, "पण त्याने स्वतः खायला हवं. उद्या संध्याकाळपर्यंत नाही खाल्लं तर घेऊन या, मी प्रयत्न करीन." त्या प्रयत्न करीन म्हणाल्या, यातलं जे समजायचं ते दोघांनाही समजलं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी माणसं आली. भटजींनी विधी केला. पानावर वरण, भात, वडे, गंगूबाईला आवडणारी आंबाडीची भाजी वाढून घास अंगणाच्या भिंतीवर ठेवला. सगळे अंगणात हात जोडून उभे. कावळा वाट पाहत असल्यासारखा आला आणि त्याने पहिला वडा उचलला.

"लगेच शिवला बरं का," भटजी म्हणाले. "काही इच्छा राहिली नाही बाईंची."

सगळ्यांनी सुटकेने श्वास सोडला. वर्षालीने बापाकडे पाहिलं. बाप अंगणात नव्हता. तो आत फरशीवर बसला होता आणि मेथीची एक काडी धरून कोपऱ्यातल्या सशाला सांगत होता, "खाय ना बे. एकच खाय."

पानं वाढली तेव्हा किसनराव उठले आणि चप्पल घालून चालू लागले. पाहुण्यांना वाटलं, फुलं कमी पडली असतील.

दुकान त्या दिवशी बंद होतं. त्यांनी ताडपत्री वर केली आणि चौथऱ्याखालची पेटी ओढली. शेजारी ओमप्रकाश पुड्या बांधत होता. किसनरावांनी पिशवी काढून काखेत मारली, तसा तो उभा राहिला.

"भाऊ... ते नेऊन राहिले?"

"लागते," किसनराव म्हणाले. मग जरा थांबून, कुणी न विचारता, म्हणाले, "तो खाऊन नाई राहिला, ओमप्रकाश. दोन दिवस झाले."

ओमप्रकाशने नुसती मान हलवली. पंचवीस वर्षांत किसनभाऊने आपणहून सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

घरी पंगत चालू होती. किसनराव कडेने कोपऱ्यात गेले. "आलो," म्हणाले आणि खाली बसले. पिशवीची गाठ त्यांनी आधी सोडली नाही. नाकाशी नेऊन सोडली. एकदाच. मग बस्कर काढून फरशीवर, सशाच्या पुढ्यात अंथरलं. गंगूबाई बसून बसून मधोमध दबलेलं, कडांना निशिगंधाचे तेलकट डाग पडलेलं.

बोंड्याचं नाक हलायला लागलं. मान लांब झाली. एक पाय कापडावर आला, मग दुसरा. कापड पायाखालून सरकत नाही याची खात्री करून तो पुरता वर चढला आणि नाक खाली घालून इंच इंच हुंगत गेला, जिथे दबलं होतं तिथवर. तिथे थांबला. बराच वेळ थांबला.

पंगतीतून वर्षाली ताट ठेवून उठून आली होती. तिने बस्कर ओळखलं.

"बाबा, हे त आईचं..."

"हो."

"त्याच्यावर मुतन तो. कुरतडन."

"मुतू दे," किसनराव म्हणाले.

बोंड्याने बस्कराच्या एका टोकाला हनुवटी घासली. दुसऱ्या टोकाला घासली. त्या टोकावर किसनरावांचं पाऊल टेकलेलं होतं, भेगाळलेलं, अंगणातलं शेण लागलेलं. ससा तिथेही थांबला नाही. लुगड्याच्या कडेवरून हनुवटी सरळ टाचेवर आली, दोनदा घासली गेली आणि पुढे कापडावर गेली.

किसनरावांनी पाय हलवला नाही. वर्षालीने मेथीची काडी खाली ठेवली. थोड्या वेळाने ती काडी आत जाऊ लागली, आधी देठ, मग पानं. घरात माणसं जेवत होती, वाढप चाललं होतं, कुणीतरी मठ्ठा मागत होतं. त्या सगळ्या आवाजात त्या दोघांना काडी चावल्याचा तेवढाच आवाज ऐकू येत होता.

बोंड्या उन्हाळा लागेपर्यंत राहिला. नव्या पट्ट्या त्याने पुन्हा शिकून घेतल्या. बस्कर दोन्हीकडून कुरतडलं गेलं, त्याला पिवळे डाग पडले, आणि मधली दबलेली जागा सशाच्या अंगाएवढी झाली. चैत्रात एका दुपारी किसनराव जेवायला आले, 'आलो' म्हणाले, आणि कान हलले नाहीत. त्यांनी त्याला बस्करातच गुंडाळलं आणि अंगणात, सारवणाच्या कडेला, शेवंतीच्या आळ्याजवळ पुरलं. मग हात धुतले आणि वर्षालीला फोन लावला.

"वर्षाली, बोंड्या गेला," ते म्हणाले. "आता. अर्ध्या तासापयले. तुले लगेच सांगून राहिलो."

मग ती म्हणाली, "बरं केलं, बाबा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनेच फोन केला. किसनराव दुकान आवरून घरी निघाले होते. चालता चालता ते तिला सांगत राहिले, झेंडूचा भाव काय झाला, ओमप्रकाशच्या दुकानात काय झालं, ऊन किती होतं. सांगता सांगता घर आलं. एका हाताने त्यांनी कुलूप काढलं, दार ढकललं आणि उंबऱ्यावर सवयीने म्हणाले, "आलो."

म्हटल्यावर ते तसेच उभे राहिले. आत अंधारलेलं होतं. फोन कानालाच होता.

"या, बाबा," वर्षाली म्हणाली.

त्यांनी चप्पल काढली. पोत्याच्या पट्ट्या अजून जागेवर होत्या. त्यांच्यावर पाय न देता, फरशीच्या कडेकडेने ते आत गेले.